पुढच्या भाडेकरणीला

हा कागद ओव्हनच्या ट्रेखाली ठेवतेय.
घरमालक घर तपासताना भिंती बघतो,
ओव्हन उघडत नाही.

तू कोण, मला माहीत नाही.
कुताइसीहून आली असशील, नाहीतर झुगदिदीहून,
एका बॅगेत हिवाळा, एका बॅगेत भांडी.
तिबिलिसीच्या टोकाला हे ग्लदानी, अकरावा मजला.
लिफ्टला वीस तेत्री लागतात, सुटी ठेव.
रात्री नाणं नसलं
की अकरा मजले पायी,
आणि सातव्यावरचा दिवा
मी होते ती तीन वर्षं
कुणीतरी नेमानं चोरत होतं.

बातोनो रेवाझ तुला किल्ली देईल.
"एकच आहे, जपून ठेव."
लेकीसारखी आहेस म्हणेल.
भाडं पहिल्या तारखेला, रोख.

पहिल्या रात्री मी दाराला खुर्ची टेकवली,
खुर्चीवर पातेलं, पातेल्यात चमचे,
आणि पडल्या पडल्या मोजत राहिले:
माझ्याआधी एक नर्स,
तिच्याआधी दोन विद्यार्थी,
एकाची मैत्रीण, मैत्रिणीचा भाऊ,
कधीतरी नळ दुरुस्त करून गेलेला माणूस.
इतक्या खिशांतून माझं दार
शहरभर फिरत होतं
आणि मी आत, पांघरूण नाकापर्यंत.

शनिवारी एलियावाच्या बाजारात गेले.
म्हातारा म्हणाला, आख्खं कुलूप कशाला,
गाभा बदल.
दाराच्या कडेला एकच स्क्रू असतो,
तो काढायचा, किल्ली किंचित फिरवायची,
ओढायचं.
दुधाचा दात निघावा तसा हातात आला.
रेवाझला विचारलं नाही.
विचारलं असतं तर नाही म्हणाला असता,
आणि मग मला खोटं बोलावं लागलं असतं.
जुना गाभा बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

बूट नातेलानं दिले, खालच्या मजल्यावरच्या.
तिच्या नवऱ्याचे, पंचेचाळीस नंबर.
"तो जिवंतपणी काही राखू शकला नाही,
आता राखू दे."
दाराबाहेर ठेव. अधूनमधून जागा बदल.
पावसाच्या दिवशी नळाखाली धर.
बाहेर ओलं असताना कोरडे बूट
लगेच पकडले जातात.
मी त्यांना गुराम म्हणायचे.
"येते रे गुराम," जिना ऐकेल इतक्या आवाजात.
पुढे पुढे कुणी ऐकत नसतानाही.

आणि ते नोव्हेंबरमध्ये.
ताप होता, कामावर गेले नव्हते.
दुपारी लिफ्ट थांबली.
पावलं आली, बुटांपाशी अडखळली.
मग किल्ली आत गेली.

फिरली नाही.
बाहेर काढली, बहुधा पुसली,
पुन्हा घातली.

मी भिंगाला डोळा लावला नाही,
आतली सावली बाहेर कळते.
भिंतीला चिकटून उभी राहिले,
हातात किसणी.
किसणीच का, मला विचारू नकोस.

संध्याकाळी फोन आला.
"लेकी, कुलूप जरा जड झालंय वाटतं.
तेल घालायला हवं."
"घालते," मी म्हटलं.
मग तोही गप्प, मीही गप्प.
त्याच्या मागे टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.
जानेवारीत भाडं पन्नास लारींनी वाढलं.

आज जुना गाभा परत बसवलाय.
करारात लिहिलंय: होतं तसं परत द्यावं.
होतं तसं दिलंय.
नवा सिंकखाली, पाइपामागे, फडक्यात आहे,
दोन किल्ल्यांसकट. तिसरी नातेलाकडे.
फडक्यातच स्क्रूड्रायव्हर आहे.
पहिल्याच रात्री बसव,
खुर्ची लावण्याआधी.

खुर्चीचा मागचा पाय ढिला आहे.
गुरामला राहू दे.
किसणी मात्र मी घेऊन चाललेय.